पॅकेट ‘गेलं’, पण पोचलं नाही? एनआरएफ५२ च्या रेडिओवर या चुका टाळा

नॉर्डिकच्या एनआरएफ५२ चिपमध्ये (मायक्रोबिटच्या दुसऱ्या आवृत्तीत याच घराण्यातली ५२८३३ आहे) प्रोसेसर आणि रेडिओ आपापलं काम स्वतंत्रपणे करतात. आपला कोड फक्त बफरचा (रॅममधल्या डेटा ठेवायच्या जागेचा) पत्ता देतो आणि ‘सुरू हो’ म्हणतो. रॅममधले बाइट उचलायचं काम ईझीडीएमए (प्रोसेसरशिवाय मेमरी वाचणारा चिपमधला भाग) परस्पर करतं. बहुतेक घोळ इथेच होतात.

सर्वांत फसवी चूक म्हणजे पॅकेट जात असतानाच त्या बफरमध्ये नवा डेटा लिहिणं. १ मेगाबिट वेगाने ३२ बाइटचा डेटा, रेडिओचा पत्ता आणि सीआरसी (चूक ओळखण्यासाठी जोडलेला तपासणी-आकडा) धरून, जायला ३०० हून जास्त मायक्रोसेकंद लागतात. ६४ मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला तेवढा वेळ म्हणजे चैन! शिवाय सीआरसी बिट बाहेर पडता पडताच मोजला जातो. त्यामुळे अर्धं जुनं, अर्धं नवं पॅकेटही रिसीव्हरकडे ‘बरोबर’ ठरतं. सीआरसी चोख, आकडे मात्र भलतेच.

हे होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘एंड’ इव्हेंट (पॅकेट पूर्ण झाल्याची रजिस्टरमधली खूण) पुसायचा राहणं. हार्डवेअर तिथे १ लिहितं, तो आपोआप ० होत नाही. पुढच्या वेळी वाट पाहणारा लूप लगेच सुटतो आणि कोड बफरवर तुटून पडतो. दर वेळी सुरू करण्याआधी तिथे ० लिहा.

बफर ‘कॉन्स्ट’ (न बदलणारा) म्हणून जाहीर करू नका. तो फ्लॅशमध्ये (प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत) जातो आणि ईझीडीएमएला फ्लॅश वाचता येत नाही. हार्डफॉल्ट (प्रोसेसरने गंभीर चूक पकडणं) आला तर नशीब समजा, निदान चूक कळते.

३२ मेगाहर्ट्‌झचा बाहेरचा क्रिस्टल सुरू झाल्याशिवाय रेडिओला हात लावू नका. फ्रिक्वेन्सी रजिस्टरमध्ये २४४० नव्हे, ४० लिहायचे. २४०० चिप स्वतः मिळवते.

रिसीव्हर गप्प असेल तर आधी ‘अ‍ॅड्रेस’ इव्हेंट (पत्ता जुळल्याची खूण) येतो का ते पाहा. येत नसेल तर फ्रिक्वेन्सी, वेग किंवा पत्ता जुळत नाही. येतो पण सीआरसी चुकतो, तर लांबीच्या फील्डची मांडणी, व्हाइटनिंगची (बिट विस्कटण्याच्या पद्धतीची) सुरुवातीची किंमत आणि सीआरसीचं बहुपद (तो मोजायचं सूत्र) दोन्हीकडे ताडून बघा. सगळं जुळूनही अधूनमधून गळती होत असेल, तर शेजारचं वायफाय तपासा: त्याच्या ६ व्या चॅनलचा मध्य २४३७ ला आहे, म्हणजे तुमचे ४० अगदी गर्दीत. ८० वर जाऊन बघा. आणि ‘एंड’ म्हणजे पोचपावती नव्हे. ती हवी असेल तर रिसीव्हरकडून उलट पॅकेट मागवण्याचा कोड तुम्हालाच लिहावा लागेल.