आपल्याच कंपनीची ओसिंट करून बघा, एका दुपारचं काम आहे

ओसिंट, म्हणजे ओपन सोर्स इंटेलिजन्स, म्हटलं की लोकांना थेट हॅकिंगच वाटतं, तसलं काही नसतं त्यात, जे आधीच उघड्यावर पडलंय तेच गोळा करायचं आणि एकमेकांना जोडून बघायचं. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा या पळण्याच्या ॲपच्या हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठे जास्त पळतात ते उजळून दाखवणाऱ्या नकाशावर, अफगाणिस्तान, सीरियातले लष्करी तळ उजळून दिसले ते असंच, सैनिक पळायला जायचे, ॲप नकाशावर रेघा ओढत होतं, कुणी काही फोडलं नव्हतं. पंधरा-वीस माणसांच्या ऑफिसचंही हेच होतं, फक्त बातमी येत नाही.

आधी मालकाकडून मेलवर परवानगी घ्या, तोंडी नको. मग एक शीट उघडा, काय सापडलं, कुठे, कधी, सोबत स्क्रीनशॉट.

सुरुवात सीआरटी डॉट एसएच (crt.sh) या साईटवरून करा. वेबसाईटला पब्लिक एसएसएल सर्टिफिकेट (पत्त्यात https येतं ते त्याच्यामुळे) निघालं की साधारणपणे त्याची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये जाते, नाहीतर क्रोम ते मान्यच करत नाही. तिथे फक्त आपलं डोमेन टाकायचं आणि बघत बसायचं, टेस्ट, ओल्ड, ईआरपी, व्हीपीएन अशा नावांची सबडोमेन, म्हणजे आपल्याच डोमेनखालचे वेगळे पत्ते, रांगेत येतात. त्यातलं "ओल्ड" वालं नीट बघा. जुन्या डेव्हलपरने काढलेलं असतं, तो सोडून गेलेला असतो, वर्डप्रेस कधी अपडेट झालेलं नसतं आणि ऑफिसात कुणाला ते चालू आहे हेच माहीत नसतं! माझ्या मते बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच.

मग गूगल. साईट, कोलन, जागा न सोडता डोमेन, मग एक स्पेस देऊन फाइलटाइप, कोलन, पीडीएफ, अर्थात हे इंग्रजीत टाईप करायचं. नंतर पीडीएफच्या जागी एक्सेलवाली एक्स्टेंशन टाकून बघा. कोटेशन, पगाराची शीट, ग्राहकांचे मोबाईल नंबर, काहीही निघतं. सापडलं तर आधी सर्व्हरवरची फाइल उडवा, मगच गूगलच्या सर्च कन्सोलमधून रिमूव्हल, म्हणजे सर्चमधून काढायची विनंती, टाका, कारण ते रिमूव्हल साधारण सहा महिन्यांपुरतंच असतं. आणि सर्च इंजिनांना सूचना देणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये (robots.txt) तो फोल्डर "बघू नका" म्हणून लिहिणं हा उपाय नाही, ती फाइल कुणीही उघडून वाचतं, म्हणजे आपणच पत्ता दिला.

ऑफिसचा स्टॅटिक आयपी असेल तर तो शोडानवर टाका, इंटरनेटला जोडलेली उपकरणं शोधायचं ते सर्च इंजिन आहे. कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) किंवा 3389 पोर्ट दिसला, म्हणजे रिमोट डेस्कटॉप सरळ इंटरनेटवर उघडा आहे, तर बाकी सगळं बाजूला ठेवून तो आजच बंद करा, व्हीपीएनमागे घ्या, म्हणजे आधी खासगी सुरक्षित जोडणीत लॉगिन केल्यावरच तिथे पोचता येईल.

हॅव आय बीन पोन्ड (Have I Been Pwned) ही लीक झालेले मेल आयडी तपासायची साईट, तिच्यावर डोमेन आपलंच आहे हे सिद्ध केलं की त्या डोमेनवरचे कोणकोणते मेल आयडी कुठल्या लीकमध्ये गेलेत ते कळतं. त्यांचे पासवर्ड बदला, टू-फॅक्टर लावा, झालं.

माणसांचा भाग मात्र लोक सोडूनच देतात. लिंक्डइनवर अकाउंट्सवाल्या मॅडमचं नाव आहे, साहेबांनी दुबईच्या एक्स्पोचा फोटो टाकलाय, आणि नोकरीच्या जाहिरातीत "अमुक फायरवॉल, अमुक व्हर्जनचा अनुभव हवा" असं आपणच छापलंय. आता मॅडमना मेल येतो, "मी एक्स्पोत आहे, फोन करू नका, या व्हेंडरचं पेमेंट लगेच सोडा". यात तांत्रिक असं काहीच नाही. जाहिरातीतून व्हर्जन काढा, आणि खातं नंबर बदलला की व्हेंडरला जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत एवढा नियम लावा.

हे करताना एखादं लॉगिन पेज दिसलं की "ॲडमिन, ॲडमिन" टाकून बघायचा हात शिवशिवतो, तो आवरा. बघणं वेगळं आणि आत शिरणं वेगळं, दुसऱ्याच्या सिस्टीमवर केलंत तर आयटी ॲक्टचं कलम 66 लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शीट मालकाला देताना तिचा पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये नको, आणि ती ड्राइव्हवर "लिंक असेल त्याला दिसेल" अशी ठेवू नका 🙏