इस्त्रीनंतरही चार्जर धरून ठेवणारं सॉकेट कसं बनवायचं

माझ्या पहिल्या सॉकेटचा नमुना अजून माझ्या खणात आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी ट्रेसर, म्हणजे ड्रॉइंगच्या नकला काढणारी, म्हणून लागले आणि डिझाइनला जाईपर्यंत ड्रॉइंग बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आला होता. ते ६ अँपिअरचं तीन पिनी सॉकेट मी काढलं तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, सगळं घट्ट बसायचं. मग घरोघरी मोबाइल आले आणि मुंबईच्या लोहार चाळीतल्या, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातल्या, एका दुकानदाराचा फोन आला, "मॅडम, तुमच्या सॉकेटमध्ये इस्त्री लावली की मोबाइल उपाशी!"

म्हणजे काय, तर इस्त्रीची जाड पिन एकदा जाऊन आली की त्याच भोकात चार्जर लोंबकळायचा. लोक कागदाची घडी घालायचे, चार्जरखाली डबा ठेवायचे. स्वस्त आणि साधं सॉकेट बनवताना हीच खरी परीक्षा असते, म्हणून आधी पिनांचीच गोष्ट.

आपली गोल पिनांची पद्धत ब्रिटिशांची, त्यांच्या १९३४च्या मानकातली. १९४७ मध्ये त्यांनी स्वतःसाठी चपट्या पिनांचं नवं मानक काढलं, आपण जुनंच सांभाळत बसलो. या ५-६ अँपिअरच्या प्लगची फेज आणि न्यूट्रलची पिन ५.१ मिलिमीटर जाड, साधारण १५ मिलिमीटर लांब, दोन्हींत अंतर १९ मिलिमीटर. अर्थची पिन ७.१ जाड आणि लांबीलाही जास्त, म्हणजे आत जाताना ती आधी लागते आणि निघताना शेवटी सुटते. चार्जरची युरोपीय पद्धतीची पिन मात्र ४ मिलिमीटर जाड आणि १९ लांब. वर तिच्या बुडाला १० मिलिमीटरपर्यंत प्लॅस्टिकची बाही असते. उघडा धातू फक्त पुढच्या ९ मिलिमीटरमध्ये.

आता हे दोन्ही प्लग कागदावर एकाखाली एक काढा. चार्जरला पहिल्या १० मिलिमीटरमध्ये पकडून उपयोग नाही, तिथे प्लॅस्टिक आहे. इस्त्रीची पिन १५ला संपते आणि तिचं टोक गोल केलेलं असतं, त्यामुळे शेवटचा एक-दीड मिलिमीटरही बाद. दोघींना धरणारी जागा उरते ती तोंडापासून ११ ते १३ मिलिमीटर आत. मी १२ धरते. बाजारातली कितीतरी स्वस्त सॉकेटं उघडून पाहिलीत, पिनेला धरणारी आतली धातूची पत्ती ६-७ मिलिमीटरवरच पकडते. चार्जर आत जातो, दिसतो छान, आणि चार्ज होत नाही.

जागा ठरली, आता पत्ती. एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसऱ्या टोकाला पिनेवर दाबणारी पट्टी. प्रत्येक भोकात अशा दोन, समोरासमोर. तिचे दोन नियम पाठ करा. पट्टी तेवढीच वाकवली तर दाब जाडीच्या घनात वाढतो आणि लांबीच्या घनात घटतो. धातूवरचा ताण मात्र जाडीच्या फक्त पटीत वाढतो आणि लांबीच्या वर्गात घटतो. सूत्र हवं असेल तर, दाब = इ × रुंदी × जाडीचा घन × वाक ÷ (४ × लांबीचा घन), आणि ताण = १.५ × इ × जाडी × वाक ÷ लांबीचा वर्ग. 'इ' म्हणजे धातूचा ताठपणा, पितळेला साधारण १,१०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

माझी पहिली पत्ती होती १२ मिलिमीटर लांब, ६ रुंद, ०.६ जाड, हाफ हार्ड (लाटून अर्धवट कडक केलेल्या) पितळेची. दोन पत्त्यांमधली फट ४.३. इस्त्रीची ५.१ची पिन आली की प्रत्येक पत्ती ०.४ वाकणार. दाब ८.२५ न्यूटन, ताण २७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. हाफ हार्ड पितळ ३००च्या आसपास कायमचं वाकायला लागतं, म्हणजे आपण काठावर पण आत. कागदावर सुरेख. फक्त ४च्या पिनेला ४.३च्या फटीत कोण विचारतो!

तेव्हा मी सगळ्यांसारखंच केलं, फट कमी करून ३.५ केली. नव्या सॉकेटमध्ये चार्जर मस्त बसला. इस्त्री लावल्यावर प्रत्येक पत्ती ०.८ वाकली, ताण ५५० झाला, आणि पितळ कायमचं वाकून बसलं. बाहेर काढून मोजलं तर फट परत ४.२. आमचे फिटर काका, ज्यांनी आयुष्यात सूत्र लिहिलं नाही, ते म्हणाले, "ताई, तुम्ही एकाच बैलाला नांगरालाही जुंपताय आणि गाडीलाही."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिथे. पितळेला मी दोन कामं दिली होती, करंट वाहायचं आणि दाब धरायचा. पहिल्यात ती हुशार, दुसऱ्यात बेताची, आणि गरम झाली की आणखी ढिली. फॉस्फर ब्राँझ दाब जास्त टिकवतं, पण महाग आणि पितळेपेक्षा करंटला कमी चांगलं. बेरिलियम कॉपर दाब धरण्यात उत्तम, पण त्या भावात सॉकेट नाही, दागिना होईल.

म्हणून कामं वाटून द्या. पितळेची पातळ पत्ती फक्त करंट वाहील. तिच्या बाहेरून स्टेनलेस स्टीलची 'यू' आकाराची क्लिप दाबेल. स्टील पिनेला कधीही शिवायला नको, कारण करंटला त्याचा अडथळा पितळेच्या दहापट असतो.

माझी आत्ताची मापं देते. पितळेची पत्ती ०.४ जाड, ६ रुंद, वाकणारी लांबी १५, फट ३.५. इस्त्रीची पिन आली की ती ०.८ वाकते पण ताण फक्त २३५, म्हणजे परत येते. तिचा स्वतःचा दाब अडीच न्यूटनच, म्हणजे ती क्लिपशी भांडत नाही. क्लिप ०.५ जाड, ५ रुंद, १५ लांब, ३०१ ग्रेडच्या फुल हार्ड (लाटून पुरेपूर कडक केलेल्या) स्टेनलेस पट्टीची. साधं ३०४ नरम घेतलंत तर सगळं वाया.

आता क्लिपमधली खरी मेख. क्लिप नुसती पत्तीवर टेकवलीत तर ४च्या पिनेला ती ०.२५ वाकेल आणि दाब सुमारे २.२ न्यूटन मिळेल, ५.१च्या पिनेला ०.८ वाकून ७. तिपटीहून जास्त फरक. चार्जर ढिला आणि इस्त्री घट्ट, पुन्हा तेच रडगाणं. म्हणून क्लिप आधीच ताणून बसवायची. प्लॅस्टिकच्या बॉडीत पत्त्यांच्या टोकांमध्ये एक छोटी बरगडी ठेवा, ती फट ३.५च्या खाली जाऊ देणार नाही. क्लिप मोकळी असताना तिचं तोंड दर बाजूला ०.५ने लहान ठेवा. म्हणजे सॉकेट रिकामं असतानाही क्लिप ०.५ वाकलेली. आता चार्जरला वाक ०.७५, दाब ६.६. इस्त्रीला वाक १.३, दाब ११.४. फरक पावणेदोन पटीवर आला. ताण जास्तीत जास्त ८२० च्या घरात जातो, फुल हार्ड ३०१ तो सोसतं. एका क्लिपला पाऊण ग्रॅमपेक्षा कमी पत्रा लागतो आणि पितळ ०.६वरून ०.४वर आलं, तेव्हा 'दोन पार्ट झाले, महाग पडेल' हे मला सांगू नका.

पत्तीचं टोक सपाट ठेवलंत तर गोल पिनेला ते एका रेषेत टेकतं. टोकाला उथळ 'व्ही'सारखी पन्हळ द्या, प्रत्येक पत्ती पिनेला दोन ठिकाणी धरेल. गोल पन्हळ नको, ती एकाच जाडीच्या पिनेला जमते. पन्हळ फक्त शेवटच्या ४-५ मिलिमीटरमध्ये. पूर्ण लांबीला दिलीत तर पत्ती कडक होऊन वाकायचीच बंद होईल (हे मी केलेलं आहे). तोंडाशी पत्त्या बाहेरच्या बाजूला कर्णा फुलतो तशा उघडा, नाहीतर पिन पत्तीच्या कडेवर आपटून ती मागे दुमडते.

पत्रा कापताना ग्रेन, म्हणजे तो लाटल्याची दिशा, बघा. लाटण्याच्या दिशेला बाकाची घडी आडवी यायला हवी. समांतर आली तर घडीवर बारीक भेगा पडतात, भिंगातूनच दिसतात. कापलेल्या कडेची बर (उभी राहिलेली धार) पिनेच्या बाजूला येता कामा नये, ती पिनेवर चरे पाडते. पाच-दहा नमुन्यांसाठी डाय (प्रेसचा साचा) करत बसू नका. पत्रा कात्रीनं कापा, व्हाइसमध्ये ४ मिलिमीटरच्या डॉवेल पिनेभोवती (अचूक मापाची पोलादी कांडी) वाकवा. हजारोंची ऑर्डर आली तर प्रोग्रेसिव्ह डाय, म्हणजे टप्प्याटप्प्यानं कापून वाकवणारा साचा. पितळ आणि स्टेनलेसची पट्टी मुंबईत गुलालवाडी-कीका स्ट्रीटला तुकड्यानंही मिळते. मायक्रोमीटर घेऊन जा. ०.५ म्हणून ०.४५ हातात आलं तर दाब सरळ २७ टक्क्यांनी उतरतो, घनाचा हिशेब आहे.

पितळेबद्दल आणखी एक. ताणाखाली असलेलं पितळ आणि अमोनिया यांचं वैर आहे. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात आपोआप भेगा पडायच्या. कारण निघालं, ती घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जायची, आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा. पातळ पत्तीचा ताण कमी ठेवण्याचं हेही एक कारण.

बॉडीबद्दल थोडक्यात. कॉन्टॅक्ट (पत्त्या आणि क्लिप मिळून) त्याच्या खोबणीत घट्ट ठोकू नका, तीन-चार दशांश मिलिमीटर हलायला जागा द्या. चार्जरच्या पिना टोकाशी किंचित जवळ आलेल्या असतात, कॉन्टॅक्टला सरकता आलं तर तो त्यांना शोधतो. फेज आणि न्यूट्रलच्या धातूंमध्ये प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर मी ४ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. भोकांवर झडपा हव्यातच, घरात रांगतं मूल असो वा नसो. पत्तीची शेपटी ०.४ची, तिला स्क्रूची आटी बसणार नाही. ती पितळी ठोकळ्याला रिव्हेटनं जोडा आणि वायर ठोकळ्यात स्क्रूनं आवळा.

तपासणी. पहिला नमुना घरच्या २३० व्होल्टवर लावायचा नाही. सांधा तापतो तो करंटमुळे, व्होल्टेजमुळे नाही, तेव्हा १२ व्होल्टवर तीच परीक्षा बिनधोक होते. इन्व्हर्टरची बॅटरी घ्या, तिच्या वायरीत आधी १५ अँपिअरचा फ्यूज टाका (हे विसरलात आणि कुठे शॉर्ट झालं तर वायर पेटते), आणि गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडा. साधारण ९ अँपिअर वाहतील. हा करंट सॉकेटच्या एकाच भोकातल्या पिनेतून न्या. तासाभरानं मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून एक सुई पिनेला, दुसरी ठोकळ्याला लावा. ९ मिलिव्होल्ट म्हणजे सांध्याचा अडथळा १ मिलिओहम. मी १८पर्यंत पास करते. जास्त आला तर पत्तीवर आणि रिव्हेटवर वेगवेगळं मोजा. माझ्या अनुभवात चोर बहुतेक वेळा रिव्हेटच असतो.

हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण १६ अँपिअरवर सांधा ५० मिलिओहमचा झाला की तिथे जवळजवळ १३ वॅट उष्णता निघते, म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी, तीही प्लॅस्टिकच्या डबीत बंद. तापल्यावर पत्ती ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. गीझरचं सॉकेट तपकिरी पडतं ते असं. १६ अँपिअरच्या पिना ७ मिलिमीटरच्या, तिथे हीच रीत पण सगळी मापं नव्यानं काढा, ही मोठी करून वापरू नका.

पकड बघायला सॉकेट तोंड खाली करून धरा, ४ मिलिमीटरची पॉलिश केलेली डॉवेल पिन एका भोकात घाला आणि तिला २०० ग्रॅमचं वजन टांगा. अर्धा मिनिट टिकली पाहिजे. मग ५.१चा ड्रिल उलटा, दांड्याच्या बाजूनं, ५०० वेळा घाला-काढा. मी हे संध्याकाळच्या मालिका बघत करते, सासूबाई म्हणतात हिला वेड लागलंय. त्यानंतर परत ४ची पिन आणि तेच वजन. जुनं डिझाइन पहिल्याच फेरीत पिन सोडायचं.

बाजारात विकायचं असेल तर एवढ्यानं भागत नाही. प्लग-सॉकेटला आयएस १२९३ हे भारतीय मानक लागू आहे, आयएसआय चिन्हाशिवाय विक्री चालत नाही, आणि तिथली तापमानाची, ओलाव्याची, तापलेल्या तारेची परीक्षा अधिकृत प्रयोगशाळेतच होते. तिथे नमुने पाठवण्याआधी दहा सॉकेटांच्या क्लिपा काढून मोकळं तोंड मोजून लिहून ठेवा. परत आल्यावर तेच मोजा. तोंड एक दशांशानंही उघडलेलं दिसलं, तर पट्टीवाल्यानं हाफ हार्ड दिलंय.