कसबा पेठ बघायचीय? मग रविवारी जाऊ नका

पुण्यात पाहुणे आले की आपण शनिवारवाडा दाखवतो, फोटो काढतो आणि तिथूनच लक्ष्मी रोडला खरेदीला नेतो, आणि वाड्यापासून चालत दहा मिनिटांवर असलेली कसबा पेठ राहूनच जाते. पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती हीच, बाकीच्या पेठा नंतर वसल्या. मला विचाराल तर पुणं बघायला सुरुवात इथून करावी.

जायचं कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या पुढे. रविवारी गर्दी कमी असते खरी, पण मग तांब्याची भांडी घडवणाऱ्या हातोडीचा आवाज मिळेलच असं नाही आणि तोच तर ऐकायचाय! गाडी आणू नका, गल्ल्या अरुंद आहेत, आता कसबा पेठ मेट्रो स्टेशन झालंय, तिथे उतरा आणि पायी निघा.

आधी कसबा गणपती. पुण्याचं ग्रामदैवत, मंदिर जिजाऊंनी उभारलं आणि विसर्जन मिरवणुकीत पहिला मान आजही याचाच. मूर्ती म्हणजे शेंदराचा तांदळा, म्हणजे आकार न कोरलेला, शेंदूर चढवलेला पाषाण, नुसतं हात जोडून पळू नका, पाच मिनिटं सभामंडपात टेका, पेठेतली माणसं कशी येता जाता दर्शन घेतात ते बघा.

मग तांबट आळी विचारत जा. जवळ आलात की विचारायची गरज नाही, ठकठक ऐकू येतेच. पेशवाईत कोकणातून आलेली ही तांबट घराणी, बंब, घंगाळं, हंडे, पातेली सगळं यांच्या हातचं. भांडं घडवून झालं की लोखंडी ऐरणीवर चढवतात आणि मग एका हाताने भांडं फिरवत दुसऱ्या हाताने एकेक ठोका, ओळीने, शेजारीशेजारी, एकही जागा सुटत नाही. याला माठारकाम म्हणतात. हे नुसतं शोभेला नाही बरं का, तापवलेलं तांबं मऊ पडलेलं असतं, ठोके खाऊन ते कडक होतं आणि पत्रा सहज चेपत नाही, चकाकी येते ती वेगळीच. दारात उभं राहून आधी "काका, बघू का जरा?" असं विचारा, फोटोचंही तसंच. आणि जमलं तर काहीतरी घ्या, निदान एक तांब्या. घेताना वजन विचारा, हातात धरून जाडी बघा, आणि स्वयंपाकाला घेणार असाल तर आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, आहे ना ते नक्की बघा, कारण आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात चालत नाहीत.

मधे जुने वाडे लागतील, बरेच पाडून बिल्डिंगी झाल्यात, जे उरलेत त्यांचा दिंडी दरवाजा, लाकडी तुळया, वरचे सज्जे रस्त्यावरूनच बघा. आत लोक राहतात, "कोण पाहिजे?" असा प्रश्न आला तर रागावू नका, सरळ सांगा वाडा बघायला आलोय, पुष्कळदा कोणी आजोबाच आतला चौक दाखवतात.

शेवटी नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला जा. हे चुकवलंत तर फेरी अर्धी राहिली म्हणा! भीमगिरजी गोसावींनी 1754 मध्ये काम सुरू केलं, 1770 मध्ये मूर्तीची स्थापना झाली. काळ्या दगडाचं लहानसं देऊळ, पण दर्शनी भिंत अशी कोरलीय की नजर हटत नाही. तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलाय, आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. बाहेरच्या भिंतीवर गोरा सैनिक शोधा, साखळीने गेंड्याला बांधताना दिसेल, पुण्यात देवळावर असं शिल्प मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. खालचं तळघर एरवी बंद असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात, त्यामुळे तेही बघायचं असेल तर फेरी त्याच दिवशी ठरवा.