घरी सिंथेसायझर बांधताय? या चुका टाळा

सर्किट बांधून झालं, स्विच टाकला, आणि आवाजच नाही. किंवा आवाज आहे, पण नुसतीच घूंऽऽ. अशा वेळी हात आधी आयसीकडे, म्हणजे चिपकडे जातो. माझाही गेला होता. सांगलीत एका पावसाळी रात्री मी एकापाठोपाठ चार ४०१०६, म्हणजे सिंथचा सूर काढणारे आयसी, बदलले. पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवलेला साठा संपला. चारही आयसी ठणठणीत होते, बिघाड अ‍ॅडाप्टरमध्ये होता.

शेजारच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलंत का कधी? कारागीर घोडीवर कानस जराशी फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, आणि मगच पुन्हा हात लावतो. त्या रात्रीनंतर मी सिंथच्या बाबतीतही तेच करायला लागलो. बिघाड कुठे आहे हे बऱ्याचदा आवाजच सांगतो.

घूं कोणत्या सुरात आहे?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पेटीच्या भाषेत ५० हर्ट्झ म्हणजे खूप खालच्या सप्तकातली, किंचित चढी पांढरी पाच. १०० हर्ट्झ म्हणजे तोच सूर एक सप्तक वर. घूं वरच्या सप्तकातली असेल, तर अ‍ॅडाप्टरमधला डीसी नीट गुळगुळीत झालेला नाही. मोठा कपॅसिटर कमी पडतोय किंवा म्हातारा झालाय. घूं खालची असेल, तर वायरीला शील्ड नाही, किंवा ग्राउंड दोन वाटांनी जोडली गेलीय. सिंथ आणि लॅपटॉप दोन्ही प्लगला असताना हे हमखास होतं. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घूं गेली तर कारण सापडलं. मात्र ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. तो जिवाशी खेळ आहे.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. तिच्यावर सर्किट शांत वाजलं, तर आयसीला दोष देऊ नका.

अ‍ॅडाप्टरची आणखी एक गोम आहे. गिटारच्या पेडलना आणि बऱ्याच जुन्या कॅसिओ कीबोर्डना मधली पिन निगेटिव्ह लागते. अर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला मधली पॉझिटिव्ह. पिन दिसायला सारखीच. त्यामुळे खोक्यावरचं छोटं चित्र वाचल्याशिवाय काहीही खुपसू नका, आणि स्वतः बांधलेल्या प्रत्येक सर्किटच्या तोंडाशी एक १एन४००७ डायोड टाका. पाच रुपयांच्या आतली वस्तू आहे, पण उलटी वीज ती अडवते.

४०१०६ वर होणाऱ्या चुका

नवशिक्यासाठी यापेक्षा उदार आयसी मला माहीत नाही. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की आवाज सुरू. एका आयसीत असे सहा आवाज. ०.१ मायक्रोफॅरॅड आणि १०० किलोओम लावले, तर साधारण शंभर हर्ट्झच्या आसपासचा सूर मिळतो. तरी चुका होतात, आणि त्या ठरलेल्या असतात.

दुकानात ४०१०६ नसला की ७४एचसी१४ हातात पडतो. पाय तसेच, काम तेच, पण तो सहा व्होल्टपर्यंतचा. नऊ व्होल्टची बॅटरी लावली की गेला. ४०१०६ मात्र ३ ते १५ व्होल्ट पचवतो.

पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) पूर्ण फिरवला की आवाज गायब होतो, म्हणून पॉट खराब समजून फेकतात. खरं तर तिथं रेझिस्टन्स शून्याजवळ गेलेला असतो, आणि सूर माणसाच्या कानाच्या वर निघून जातो. पॉटच्या ओळीत दहा किलोओमचा एक रेझिस्टर ठेवा. कपॅसिटरवर १०४ लिहिलंय की १०३, हेही भिंगातून बघा. दोन्हींत दहापट फरक आहे, म्हणजे तीन सप्तकांहून जास्त.

सहापैकी दोनच आवाज वापरत असाल, तर उरलेल्या चार इनपुट (१, ३, ५, ९, ११, १३ या पायांपैकी ज्या रिकाम्या असतील त्या) ग्राउंडला जोडा. नाहीतर हात जवळ नेला की सर्किट भलतंच काहीतरी गुणगुणायला लागतं.

आणि ड्राय सोल्डर. थंड पडलेला, मळकट, गोळीसारखा डाख दिसला की पुन्हा तापवा. हार्डवेअरच्या दुकानातलं पत्रा जोडायचं अ‍ॅसिडवालं फ्लक्स बोर्डावर लावू नका. आज जोड चांगला दिसतो, आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवा पडतो.

आवाज बाहेर काढताना

आयसीच्या आउटपुटला आठ ओमचा स्पीकर थेट जोडू नका. त्याच्यात तेवढा दम नाही. मध्ये एलएम३८६ हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आयसी हवा, आणि त्याच्या आउटपुटला २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. तो विसरला तर डीसी थेट स्पीकरमधून वाहतो आणि स्पीकर तापतो. मंडळाच्या मिक्सरला किंवा घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचं असेल, तर उलटा प्रश्न येतो: नऊ व्होल्टचा चौकोनी सिग्नल फार जास्त होतो. १०० किलोओम आणि १० किलोओमची जोडी लावून तो अकरावा हिस्सा करा.

हात न लावता वाजणारी वाद्यं

थेरेमिन हे रशियन संशोधक लिओन थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास केलेलं वाद्य. उभ्या अँटेनाजवळ हात नेला की सूर चढतो, आडव्या कडीजवळ नेला की आवाज लहान होतो. आपलं शरीरच त्यात कपॅसिटर असतं. म्हणूनच लोखंडी कपाटाजवळ किंवा घोळक्यात ते कधीच सुरात राहत नाही. मोकळी जागा द्या, ग्राउंड नीट करा.

एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) वापरून केलेलं उजेडाचं थेरेमिन ट्यूबलाइटखाली खरखरतं, कारण जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात वाजवून बघा.

जुनी खेळणी किंवा कीबोर्ड उघडून त्यांचे आवाज बिघडवण्याचा छंद मला फार आवडतो. पण फक्त बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू उघडा. भिंतीतून वीज घेणारं काहीही नाही.

सांगलीत एक प्रश्न वेगळाच येतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात भिजलेले कीबोर्ड अजूनही माळ्यावरून खाली उतरतात. ते चालू करून बघू नका. आधी बॅटऱ्या काढा, उघडा, वाळलेला गाळ मऊ ब्रशने झाडा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. काही पट्ट्या वाजत नसतील, तर पट्टीखालच्या रबरावरचे काळे ठिपके हलक्या हाताने पुसा. घासले तर कार्बन निघून जातो आणि ती पट्टी कायमची मुकी होते.

सूर लावताना

अमेरिकन संशोधक रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात सिंथेसायझर बनवताना एक व्होल्टला एक सप्तक हे प्रमाण धरलं. ते आजही चालतं. ज्या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर हे गणित चालतं, ती तापमानाला हळवी असते. एका अंश सेल्सिअसला साधारण ०.३३ टक्के. सकाळी २८ अंशांवर लावलेला सिंथ मे महिन्यातल्या दुपारी ३८ वर गेला, तर एक सप्तकाच्या उडीत सुमारे चाळीस सेंटचा फरक पडू शकतो (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत शंभर सेंट असतात). तो कोणालाही ऐकू येतो. म्हणून जोडीचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवा, तापमान सांभाळणारा रेझिस्टर वापरा, तापणारा रेग्युलेटर त्यांच्यापासून लांब ठेवा, आणि वीस मिनिटं चालू ठेवल्यावरच सूर लावा.

फोनवरच्या ट्यूनरने एकेक सूर शून्यावर आणणं ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिलीय. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो. तंबोरा लावा, षड्ज जुळवा, मग गंधाराचा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट) आवाजातली लाट थांबेपर्यंत खाली आणा. व्होल्टमध्ये मोजलं तर हे अंतर जेमतेम ११ मिलिव्होल्ट भरतं. तुमचा अ‍ॅडाप्टर याहून जास्त डुलत असेल, तर गंधार लागणार नाही. सूर लावायला बसण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून अ‍ॅडाप्टरच्या डीसी आउटपुटच्या दोन टोकांना लावा आणि आकडा बघा.