जुन्या दाढीच्या साबणाचं रूप बदललं? या चुका टाळा

वाटीतला दाढीचा साबण दोन-तीन वर्षांत बदलतोच, आणि नागपुरात जरा लवकरच. नवतपात पारा ४५ अंशांवर, हवा कोरडी, कूलर लावला की खोली दमट, त्यामागोमाग पावसाळा. साबणात पाणी असतं आणि हवेतला ओलावा ओढणारं ग्लिसरीनही. म्हणून तो कधी सुकतो, कधी घामेजतो. यातलं बहुतेक काही बिघाड नसतं.

तडे गेले, वडी आकसून वाटीपासून सुटली, की लोक ती मायक्रोवेव्हमध्ये वितळवायला जातात. ही सगळ्यांत वाईट चूक. आतलं पाणी उकळून साबण फसफसतो, कडा करपतात, सुगंध उडून जातो आणि दळून-दाबून केलेली घट्ट वडी पुन्हा तशी बसत नाही. त्यापेक्षा वडीचा तळ ओला करा, वाटीत घट्ट दाबा, २४ तास उघडी ठेवा. तुकडे झाले असतील तर कोमट पाण्याचे चार-सहा थेंब टाकून अंगठ्याने दाबत एकजीव करा. फार कडक झालेल्या साबणावर दाढीआधी चमचाभर कोमट पाणी ५ मिनिटं ठेवलं की ब्रश नीट भरतो.

वर पांढरी भुकटी दिसली म्हणजे बुरशी, असं समजू नका. ओल्या फडक्याने सहज पुसली जाते ती बहुधा सोड्याची किंवा क्षारांची पूड. बुरशी केसाळ, हिरवट-काळपट असते. ती बहुतेक लाकडी वाटीला किंवा ओल्या ब्रशला लागते.

बोअरच्या जड पाण्याने वाटीच्या कडेला राखाडी थर बसतो. तो काढायला व्हिनेगर चालेल, पण वडी बाहेर काढून, फक्त रिकाम्या वाटीला. आम्लाने साबण फुटतो आणि चिकट, फेस न देणारा थर उरतो. लिंबानेही तेच होतं.

पावसाळ्यात वर दवाचे थेंब जमले तर झाकण लावू नका, फ्रिजमध्येही ठेवू नका. बाहेर काढताच आणखी पाणी धरेल. टिपून घ्या, पंख्याखाली वाळवा.

रंगाबाबत मात्र बारकाईने बघा. सगळी वडी सारखी तपकिरी होत गेली आणि सुगंधात व्हॅनिला असेल, तर तो व्हॅनिलिनचा परिणाम, खुशाल वापरा. पण ठिकठिकाणी नारिंगी डाग आणि जुन्या तेलासारखा खवट वास, म्हणजे त्यातली चरबी हवेने खराब झाली आहे. उष्णता, ऊन आणि लोखंडाचा स्पर्श यांनी हे लवकर होतं, म्हणून गंजका डबा नको, खिडकीची चौकटही नको. एक-दोनच डाग असतील तर चाकूने खोल कोरून काढा. वास सगळ्या वडीला लागला असेल तर ती टाका, आणि नवी ठेवण्याआधी वाटी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.