आर घेऊन गावाकडच्या कॉलेजात जाण्याआधी

तालुक्याच्याही पलीकडच्या कृषी कॉलेजात दोन दिवसांत पोरांना आर शिकवायचं असेल, तर तयारी घरूनच करून निघावी. आर म्हणजे सातबाऱ्यावरचा हेक्टर-आर नव्हे, आकडेवारीचं फुकट सॉफ्टवेअर. हा विनोद पहिल्याच तासाला कोणीतरी करतं, म्हणून तो आपणच करून मोकळं व्हावं. लॅपटॉप, चार्जर, प्रोजेक्टरची वायर हे सांगायला नको. पेनड्राइव्ह मात्र दोन.

आधी तिथल्या लॅबवाल्याला फोन करून तीन प्रश्न विचारा. विंडोज ३२ बिट की ६४? २०२२ साली आलेल्या ४.२.० पासून आर फक्त ६४ बिटवर चालतं. जुनी ३२ बिट यंत्रं असतील तर ४.१.३ ही शेवटची आवृत्ती, आणि मग आर-स्टुडिओचा (आर चालवायची सजवलेली खिडकी) नाद सोडा, आरची साधी खिडकी पुरते. दुसरा प्रश्न, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे आहे आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर तर नाही ना. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही: रीस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर यंत्रांवर टाकलंय का? असेल तर ते आधी बंद करवून घ्या. नाहीतर दुपारी लाईन जाते, यंत्रं पुन्हा सुरू होतात आणि सकाळी टाकलेलं आर गायब.

आता मुख्य गोष्ट, मागच्या वेळी हीच राहिली होती. पॅकेजच्या (आरला वरून जोडायच्या तयार कोडच्या) पोटातली पॅकेजं. आलेख काढायच्या जीजीप्लॉट-टूची झिप घेतली म्हणजे जीजीप्लॉट-टू आलं असं नाही. त्याला आरलँग लागतं, स्केल्स लागतं, जीटेबल लागतं, त्यांना आणखी दुसरी लागतात. नेट असलं की आर ती गुपचूप उतरवून घेतं, म्हणून ती आपल्याला कधी दिसतच नाहीत. झिप फाइलवरून टाकताना आर पोटातलं काही शोधत नाही. पॅकेज टाकलं गेल्यासारखं दिसतं, आणि ते सुरू करायला लायब्ररीची कमांड दिली की पोटातल्या एखाद्याबद्दल ‘या नावाचं पॅकेज नाही’ म्हणून थांबतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वीस यंत्रांना हे उतरवत बसलात तर दिवस गेला. नुसता आरचा इन्स्टॉलर ऐंशीएक एमबीचा, वीस यंत्रांचे १.६ जीबी तिथेच झाले, पॅकेजं वेगळी.

ते असं करा. घरी, नेटवर, आरच्याच टूल्स पॅकेजातलं पॅकेज-डिपेंडन्सीज हे फंक्शन चालवा आणि रिकर्सिव्ह ट्रू ठेवा. ट्रू ठेवलं नाही तर एकच पायरी खाली जातं. पोटातल्या पॅकेजांची जी यादी मिळेल तिच्यात मूळ पॅकेजचं नाव नसतं, ते आपण जोडायचं. मग डाउनलोड-पॅकेजेसने विंडोजच्या बायनरी झिप एका फोल्डरात घ्या. स्टॅट्स, ग्राफिक्स अशी आरच्या गाभ्यातली नावं सापडली नाहीत म्हणून कुरकुर होईल, ती सोडून द्या. झिप उघडून ठेवू नका. त्याच फोल्डरवर राइट-पॅकेजेस चालवा, म्हणजे सूचीची फाइल तयार होते आणि तिथे गेल्यावर फोल्डरचा पत्ता दिला की आर तिथूनच सगळं ओळीने टाकतं. आवृत्तीचा मधला आकडा जुळला पाहिजे: ४.१ च्या यंत्रांना ४.१ च्याच झिप. अ‍ॅग्रिकोले हे शेतीच्या चाचण्यांचं पॅकेज नेत असाल तर त्याला लागणारी मास, एनएलएमई, क्लस्टर ही आरसोबतच येतात, पण अल्ग-डिझाइन येत नाही.

आणि तपासणी. स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका, तिथे सगळं आधीपासून पडलेलं आहे, ते चालणारच. ज्या यंत्रावर आर कधी गेलं नाही असं एखादं शेजारपाजारचं घ्या, वायफाय बंद करा, पेनड्राइव्हवरून टाका आणि एक आलेख काढून बघा. वायफाय बंद करून. खरंच बंद करून.

डेटा आपलाच न्यावा, गव्हाच्या नाहीतर मोटारींच्या परदेशी उदाहरणात पोरांचा जीव रमत नाही. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची चाचणी घ्या: ८ ट्रीटमेंट (तुलना करायचे प्रकार), ३ रेप्लिकेशन (प्रत्येकाची पुनरावृत्ती), २४ ओळी. प्रत्येक प्लॉटची एक ओळ, आणि उत्पादन सगळ्या वेच्यांची बेरीज करून. नुसता पहिला वेचा भरलेला तक्ता हमखास सापडतो. कास्तकार एकरात बोलतो, प्रबंधात हेक्टर लागतो, तेव्हा एकरी क्विंटलला २.४७ ने गुणा, आणि एकदाच गुणा. आकडे देवनागरीत टाइप करू नका, आर त्यांना संख्या मानत नाही. जिथे मोजणी झाली नाही तिथे शून्य नको, रकाना रिकामा. पेरणीची तारीख २०२४-०७-०५ अशी. ०५/०७ लिहिलं आणि एक्सेल अमेरिकी पद्धतीवर असलं तर ५ जुलैची पेरणी ७ मेला जाते, भर उन्हात. गावांची नावं मराठीत हवी असतील तर सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं.

ॲनोव्हाचा (ट्रीटमेंटमधला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारा) तक्ता आला की आधी एफ बघू नका, डिग्री ऑफ फ्रीडम (डीएफ) बघा. ट्रीटमेंट ७, रेप्लिकेशन २, एरर १४. रेप्लिकेशनला १ दिसला तर १, २, ३ हे आकडे आरने खरेच आकडे समजलेत. फॅक्टर (म्हणजे गटांची नावं) करा, पुन्हा चालवा. हातानं सोडवलेलं एक उत्तर सोबत असू द्या. सीडी, म्हणजे दोन ट्रीटमेंटमधला किमान लक्षणीय फरक, काढायला १४ डीएफचा ५ टक्क्यांचा टी २.१४५ घ्या, त्याला दोन गुणिले एरर मीन स्क्वेअर भागिले रेप्लिकेशन याच्या वर्गमुळाने गुणा. आरचं उत्तर याच्याशी जुळलं की मास्तर मंडळींचा विश्वास बसतो, त्याशिवाय नाही.

कोडिंगला घाबरणाऱ्यांसाठी जामोव्ही, नुसतं क्लिक करून चालणारं आकडेवारीचं सॉफ्टवेअर. त्याचं आर त्याच्या पोटातच येतं, म्हणून ही भानगड नाही. एसपीएसएस या आकडेवारीच्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली उघडायला फुकटचं पीएसपीपी. दोन्ही पेनड्राइव्हवर असू द्या, शिकवायला वेळ मिळेलच असं नाही.

उन्हाळ्यात वर्ग सकाळी घ्या. लोडशेडिंगची वेळ विचारून ठेवा. कोडच्या छापील प्रती न्या, सर्टिफिकेटचं काय ते कॉलेजवाले बघतील. निघताना पेनड्राइव्ह उघडून फोल्डरातल्या झिप मोजा. तीन-चारच दिसल्या तर पोटातली राहिली आहेत, परत बसा.