जलकीटकांच्या प्रजाती ठरवताना या चुका टाळा: शरीररचना आणि डीएनए यांचा मेळ

ओढ्यातून पकडलेली मेफ्लाय या कीटकाची निम्फ (पाण्यात वाढणारे पिल्लू) फॉर्मलिनमध्ये टाकली, तर तिचा डीएनए खराब होऊन पुढचे काम तिथेच अडते. जनुकीय तपासणी करायची असल्यास नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि किड्यांच्या अंगातील पाण्याने ते पातळ होत असल्यामुळे एका दिवसाच्या आत बदलावे.

डीएनएसाठी अख्खा किडा वाटून टाकणे ही याहून मोठी चूक आहे. डीएनएतील बेसचा (घटकांचा) मिळालेला क्रम अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर ताडून पाहायला कल्ले, जबडे, नख्या यांपैकी काहीच उरत नाही. कल्ले चिमट्याच्या धक्क्यानेही गळतात, म्हणून आधी छायाचित्रे घ्यावीत, मग एकच पाय काढावा आणि उरलेले शरीर त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीसह जपावे.

प्रजातीचा ‘बारकोड’ म्हणून वापरल्या जाणाऱ्या, मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतील ऊर्जा देणाऱ्या भागातील) सीओआय जनुकाच्या ६५८ बेसच्या तुकड्यात २ टक्क्यांहून अधिक फरक दिसला की प्रजाती वेगळी, हा ठोकताळा सोयीचा असला तरी नियम नव्हे. युरोपातील ओढ्यांत सर्रास आढळणारी बीटिस ऱ्होडानी ही मेफ्लाय दिसायला एकच वाटत असे. सीओआयने मात्र तिच्या नावाखाली अनेक वेगळे गट दाखवले. उलट, तिथल्याच सीनाग्रिऑन पुएला आणि सीनाग्रिऑन पुल्केलम या टाचण्यांचे (चतुरांसारख्या नाजूक किड्यांचे) नर पोटाच्या दुसऱ्या खंडावरील काळ्या खुणेवरून सहसा ओळखता येतात (पुएलात ती यू अक्षरासारखी, पुल्केलममध्ये तिला खाली दांडा), तरी त्यांचे बारकोड वेगळे काढता येत नाहीत. अशा वेळी बारकोडच्या भरवशावर दोन्ही प्रजाती एक ठरवणे घाईचे ठरेल. जुना संकर किंवा वोल्बाकिया जिवाणूचा संसर्ग यांमुळेही मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए दिशाभूल करतो, म्हणून केंद्रकातील जनुकेही तपासावीत.

क्रमाच्या मध्येच थांबा-संकेत (प्रथिन बनणे थांबवणारी खूण) आढळले, तर तो मायटोकॉन्ड्रियातून केंद्रकात शिरलेल्या जुन्या नकलेचा तुकडा असू शकतो. मात्र क्रमाचे प्रथिनात भाषांतर करताना सॉफ्टवेअरमध्ये अपृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाचा संकेततक्ता निवडला होता का, हे त्याआधी पाहावे. त्या तक्त्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. सर्वसाधारण तक्त्यात तोच थांबा ठरतो आणि चांगला क्रम उगाच बाद होतो.

डीएनए क्रमांच्या माहितीकोशातील ९९ टक्के जुळणीवरही डोळे झाकून विसंबू नये, कारण ते नाव कोणी चुकीच्या ओळखीवरून चढवलेले असू शकते. लहान निम्फमध्ये ओळखीची लक्षणे पुरती उमटलेली नसल्याने, त्याच ओढ्यावरील प्रौढ नराचा, जननांगे तपासलेला, बारकोड जोडीला असावा.